साखर माझी, नवस त्यांचा

मी साखर सोडली ती एका खुर्चीपायी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्या साखरेचं जे काही झालं त्यात बिचारी खुर्ची कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत मी तेव्हा टायपिस्ट होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. खुर्ची लाकडी, दोन्ही बाजूंना हात असलेली, बसायला वेताची जाळी. धाकटी दोन वर्षांची झाली तरी बाळंतपणातलं अंग काही उतरलं नव्हतं. दिवसभर बसून काम, तासातासाला चहा, आणि कचेरीतला चहा म्हणजे साखरेच्या पाण्यात पत्ती. एक दिवस साहेबांनी हाक मारली म्हणून घाईनं उठले, तर खुर्चीही माझ्याबरोबर उठली. समोरचा हेडक्लार्क हसला असता तर एक वेळ चाललं असतं. त्यानं पटकन फाइलमध्ये तोंड घातलं आणि ते मला फार लागलं.

कंबरही दुखतच होती. पाचव्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे गेले. त्यांनी काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "गोळ्या देत नाही. महिनाभर साखर बंद. गूळही बंद. चहात नाही, दुधात नाही, सणाचंही नाही. संध्याकाळी चालायला जा आणि महिन्यानं पुन्हा काट्यावर ये." मला ते आवडलं. दोन बाळंतपणं, घर, नोकरी, या सगळ्यात मी स्वतःसाठी म्हणून काही ठरवलं असं मला आठवतच नव्हतं. एक महिना, आणि तोही माझा. घरी येताना मी अगदी खुशीत होते.

आमच्या घरी चहा एकाच पातेल्यात व्हायचा, साखर घालून, उकळी फुटेपर्यंत. घर सासूच्या ताब्यात. त्यांना सगळे अक्का म्हणायचे, मीही. मी वेगळ्या छोट्या भांड्यात माझा फिका चहा ठेवायला लागले तशी अक्कांची कुरकूर सुरू झाली. गॅस दोनदा जळतो. बिनसाखरेचा चहा म्हणजे काढाच. सासरे, आबा, पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "बाईमाणसानं अंगानं भरलेलं असावं." नवरा म्हणाला, "एवढ्याशा साखरेनं काय होतं?" एकदा मी अंघोळीला गेले तेवढ्यात अक्कांनी माझ्या भांड्यात साखर टाकली. पहिल्याच घोटाला कळलं. विचारलं तर म्हणाल्या, "इतलीशीच टाकी वं. इतलामा काय व्हस?"

त्यांना खरंच वाटत होतं की एवढ्याशानं काही होत नाही. मला वाटत होतं की माझं भांडं तरी माझं असावं. मी तो चहा मोरीत ओतला. त्यावरून दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही.

आणि मग शिंदखेड्याहून चुलतसासू आल्या. चहा झाला. ट्रेमध्ये माझा फिका कप वेगळा दिसला, आणि त्या बाईची नजर अशी की भिंतीवरचा खिळा वाकडा असला तरी सुटायचा नाही. "हाई काय वं? साखर कसाले नही? साखरना आजार शे का तुले?"

मी म्हणायला गेले, "नाही हो, डॉक्टरांनी..."

अक्कांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "आंडोरसाठे सोडेल शे तिनी," त्या म्हणाल्या. "आखा श्रावण."

आंडोर म्हणजे मुलगा. मुलासाठी सोडलीये तिनं, सगळा श्रावण. आमच्याकडे बायका श्रावणात एखादा पदार्थ सोडतात, मनात काही इच्छा धरून. कुणी वांगी सोडतं, कुणी मीठ. डॉक्टरीणबाईंनी महिना म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात कुठला श्रावण! अमावास्या होऊन श्रावण लागल्याला दोनच दिवस झाले होते, हे मला त्या क्षणी कळलं. चुलतसासू उठल्या, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हातात कप धरून उभी राहिले.

त्या गेल्यावर मी अक्कांना विचारलं, हे काय सांगितलंत तुम्ही? त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. "मंग काय सांगू? सून बारीक व्हवासाठे साखर खात नही, असं सांगू? लोक म्हनतीन, घरमा खावाले देत नहीत." आणि आजार म्हणावं, तर आईला साखरेचा आजार म्हणून उद्या पोरींची लग्नं अडतील. थोरली सात वर्षांची होती. धाकटी दोन. त्यांच्या लग्नाची काळजी आजपासून, पण त्या आहेत एवढ्यावर समाधान मात्र नाही! मी तसं बोलले. अक्कांनी सूप आपटलं आणि उठून गेल्या.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिनंच माझं डोकं फिरवलं. त्या दिवसापासून घर एकदम सुतासारखं सरळ झालं. माझा चहा अक्का स्वतः वेगळा ठेवू लागल्या, तोही सगळ्यांच्या आधी. शेजारून शिरा आला तर वाटीवर झाकण, "तिले दखाडू नका." आबांनी बाजारातून माझ्यासाठी पेरू आणले. नवऱ्यानं संध्याकाळी पोरींना सांभाळून मला चालायला जाऊ दिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं. माझ्या दुखणाऱ्या कंबरेसाठी ज्या घरात चमचाभर साखर बाजूला ठेवता येत नव्हती, ते घर एका नसलेल्या पोरासाठी माझ्या कपाची राखण करत होतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या पेरूंनी शिकवलं. मी ते खाल्ले, पण रागारागानं.

खरी गोष्ट अशी होती की मला तिसरं मूल नको होतं. नवऱ्यालाही नको होतं, निदान मला तसं वाटत होतं. धाकटी आठ दिवसांची असताना दवाखान्यात खाटेशी बसून त्यानंच म्हटलं होतं, "दोघी बस्स. ऑपरेशन करून टाकू." मग ते राहत गेलं. आधी माझी तब्येत, मग सुगी, मग अक्कांचं डोळ्याचं ऑपरेशन. पण ठरलं होतं, एवढ्यावर मी निर्धास्त होते.

नागपंचमी झाली आणि कानबाईची, आमच्याकडच्या देवीच्या सणाची, तयारी सुरू झाली. खानदेशातल्या माणसाला कानबाई सांगायला नको, पण रोटांच्या गव्हाची रीत सांगते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा. आबांच्या नावानं, नवऱ्याच्या, दिरांच्या, पुतण्यांच्या, अगदी पाळण्यातल्या पोराच्याही. त्याच पिठाचे रोट, आणि ते भाऊबंदांनी मिळून खायचे. बायकांच्या आणि पोरींच्या नावाची मूठ नसते. गहू निवडायचा आम्ही, दळून आणायचा आम्ही, चुलीपुढे घामाघूम होऊन रोट भाजायचे आम्ही. माझ्या माहेरीही हेच. लहानपणापासून पाहत आले, आणि खरं सांगते, कधी मनातही आलं नव्हतं की यात विचारण्यासारखं काही आहे.

त्या दिवशी घर भरलेलं होतं. दीर-जावा आल्या होत्या. अक्का मुठी काढत होत्या, एकेक नाव घेत होत्या, आणि थोरली त्यांच्या मांडीला टेकून प्रत्येक नावाला एकेक बोट दुमडत होती. सगळी नावं संपली तशी ती म्हणाली, "आजी, माझी?"

"पोरीस्नी नही ऱ्हास, माय," अक्का म्हणाल्या. अगदी मायेनं म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा पोत्यात हात घातला आणि मूठ भरली. "आनि हाई येणारानी."

"कोण येणार?"

"तुना भाऊ."

जावांनी माझ्याकडे पाहिलं, कुणी तरी हसून "व्वा" म्हणालं. थोरलीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग माझ्या पोटाकडे. सात वर्षांची पोर. तिच्या नावाचा एक दाणा त्या सुपात नव्हता, आणि जो कधी येणारच नव्हता त्याचा सव्वा मूठ गहू आत पडला होता. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला बसले. राखेनं हात सोलवटले, तरी थांबले नाही. त्या वेळी सगळ्यांदेखत बोलायला हवं होतं की काय, हा विचार मी नंतर पुष्कळ केला. पण सण, पाहुणे, देवी बसलेली. अशा वेळी सुनेनं बोलायचं नसतं, हेही मी माहेराहूनच शिकून आले होते.

राखीला मी पोरींना घेऊन जळगावला गेले. म्हटलं, चार दिवस तरी या नवसातून सुटका. एसटीतून उतरून घरी पोचले तर बातमी माझ्या आधीच पोचलेली. आईनं दारातच मला कुरवाळलं. "कानावर आलं माझ्या. बरं केलंस."

मी म्हटलं, "आई, मी वजनासाठी सोडलीये गं साखर. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून."

"असू दे की," आई म्हणाली. "देवाला काय कळतंय कशासाठी सोडलीस? वजनही उतरेल आणि फळही मिळेल."

माझी आई हो! जिनं मला मॅट्रिक केलं, टायपिंगच्या क्लासला घातलं, लग्नात माझी नोकरी सुटू नये म्हणून वडिलांशी भांडली, ती. जेवणं झाल्यावर ती हळूच म्हणाली की गावात एका डॉक्टरकडे मशीन आलंय, आत काय आहे ते आधीच कळतं. वाईट असलं तर वेळीच मोकळं होता येतं. मी विचारलं, "वाईट म्हणजे काय गं?" ती पदराशी चाळा करत बसली. बाहेर ओट्यावर माझ्या दोघी मामाच्या पोराला राख्या बांधून पेढ्यावरून भांडत होत्या, त्यांचे आवाज आत येत होते. चार दिवसांसाठी गेले होते, दुसऱ्याच दिवशी धुळ्याची गाडी धरली.

आता एकच माणूस उरला होता. रविवारी सकाळी नवरा मोरीजवळ आरसा टेकवून दाढी करत होता. मी म्हटलं, अक्कांना तुम्ही सांगा. आपलं काय ठरलंय ते सांगा आणि हा नवसाचा तमाशा बंद करा. तो गालाला साबण चोळत राहिला. मग आरशातूनच माझ्याकडे पाहत म्हणाला, "मी काय म्हणतो, एवढं सोडलंच आहेस, तर एकदा बघू या ना."

"काय बघू या?"

"एकदाच. नाही झालं तर राहिलं."

हा माणूस शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होता. फळ्यावर खडूनं काढून दाखवायचा, मुलगा की मुलगी हे कशावर ठरतं ते. मी त्याला त्याचीच आठवण करून दिली. तो म्हणाला, "ते बरोबर आहे गं, पण घरात एक..." आणि वाक्य अर्धवट सोडून वस्तरा लावायला लागला. म्हणजे नऊ वर्षं मी ज्याला माझ्या बाजूचा समजत होते, तो नुसता गप्प होता. मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. सगळं अगदी मनापासून बोलले एवढं खरं. त्याची हनुवटी कापली, रक्त आलं, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

महिना भरून चार दिवस झाले तशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. काट्यावर साडेतीन किलो उतरले होते. "शाब्बास," त्या म्हणाल्या. गेल्या महिन्याभरात माझ्या साखरेबद्दल मला शाब्बास म्हणणाऱ्या पुष्कळ भेटल्या होत्या, पण वजन किती उतरलं असं एका माणसानं विचारलं नव्हतं. मला तिथंच रडू आलं. मग मी ऑपरेशनचं विचारलं. त्या म्हणाल्या, "कधीही ये. मात्र नवऱ्याची सही लागेल." बाळंतपण माझं, कंबर माझी, आणि सही त्याची. मी बाहेर पडले तेव्हा रस्त्यावर पोळ्याचे मातीचे बैल विकायला बसले होते. पोरींसाठी मी एक जोडी घेतली.

दुसऱ्या दिवशी पोळा. डॉक्टरांचा महिना संपला होता, अक्कांचा श्रावणही संपत होता. सकाळपासून मी पुरण शिजवत होते, वेलदोड्याच्या वासानं जीव कासावीस झाला होता. आज एक पोळी खायची, दूध-तूप घालून, सावकाश, एवढंच माझ्या मनात होतं. पाट मांडले. आबा, नवरा, अक्का, दोघी पोरी, आणि शेवटी माझं ताट. मी पोळीचा घास मोडला आणि शेजारून अक्कांचा हात आला. त्यांनी माझ्या ताटातली पोळी उचलून स्वतःच्या ताटात ठेवली.

"तुना नवस बाकी शे," त्या म्हणाल्या. "आंडोर व्हई तवय खाजो."

मुलगा होईल तेव्हा खा. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भातात वरण कालवत होता.

मी काही बोलायच्या आत थोरलीनं आपलं ताट पुढे सरकवलं. "मलापण नको पोळी. मीपण सोडलंय."

"काय सोडलंयस?" मी विचारलं.

"गोड. कानबाईपासून."

मला आधी समजेचना. मग आठवलं, ती दुधात साखर नको म्हणायची. मला वाटलं होतं, माझं पाहून करते आहे. जळगावला पेढ्यावरून भांडत होती ती धाकटीला दोन्ही पेढे घ्यायला लावत होती. आजीनं सांगितलं म्हणून? विचारलं, तर म्हणाली, नाही, तिचं तिनंच. तिनं सोडलं तर भाऊ लवकर येईल. अक्कांचे डोळे भरून आले. त्यांनी आबांना कोपरानं ढोसलं. "दखा, पोरले कळस!" बघा, पोरीला कळतं.

मी उष्ट्या हातानं उठले. फळीवरचा साखरेचा डबा काढला, तो पंगतीच्या मधोमध आणून ठेवला, आणि उभ्या उभ्या एक चमचा साखर तोंडात टाकली. मग दुसरा. दाताखाली कचकच वाजत होती. तोंड रिकामं झाल्यावर मी म्हणाले, "मी साखर सोडली ती माझ्या अंगासाठी. कुणाच्या पोरासाठी नाही. मला मुलगा नको. मला तिसरं मूलच नको. या दोघी आहेत आणि मला त्या पुरे आहेत. आज सगळ्यांनी ऐकून ठेवा, पुन्हा सांगणार नाही."

अक्का पांढऱ्याफटक पडल्या. "नवस मोडा वं तू! आते या पोरीस्ले काही व्हयनं तं?"

त्या खोटं घाबरल्या नव्हत्या. खरंच घाबरल्या होत्या. जो नवस मी कधी बोललेच नव्हते, तो मोडल्याची भीती क्षणभर मलाही वाटली, हे कबूल करते. त्याचा तर मला सगळ्यात जास्त संताप आला. नवरा म्हणाला, "बस आता खाली, पोरी घाबरतात." ऑपरेशन मी त्याच थंडीत करून घेतलं. सही त्यानं केली, मान खाली घालून, आणि त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पण त्या दुपारी मला फक्त थोरली दिसत होती. मी तिच्यासमोर बसले, चमचाभर साखर घेतली आणि तिच्या तोंडाशी धरली. "खा, बाळा. तू काही सोडायचं नाहीस. कुणासाठी नाही."

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मी म्हटलं, "आई सांगतेय ना." तिनं मान हलवली, नाही म्हणून. चमच्यातले साखरेचे दाणे तिच्या फ्रॉकवर सांडत होते. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. तिचे डोळे अक्कांवर खिळले होते.

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि बसक्या आवाजात म्हणाल्या, "खाई ले, माय."

तेव्हा कुठे माझ्या लेकीनं तोंड उघडलं.